सुई मध्ये आली म्हणजे फोटो झाला, असं नसतं

पेंटॅक्स के१००० या जुन्या फिल्म कॅमेऱ्याच्या व्ह्यूफाइंडरला डोळा लावला की उजव्या कडेला उजेड मोजणारी एक बारीक काळी सुई दिसते, वर प्लस म्हणजे उजेड जास्त, खाली मायनस म्हणजे कमी, बस्स. शटर (उजेड किती वेळ आत येणार) किती ठेवलंय, ॲपर्चर (लेन्सचं भोक किती उघडं) कितीवर आहे, रोल कितव्या फ्रेमवर आलाय, यातलं काहीही आत दिसत नाही. ते सगळं एकतर बोटांना माहीत पाहिजे नाहीतर डोक्यात पाहिजे. मोबाइलवर फोटो काढायची सवय लागलेल्या माणसाला हे पहिल्यांदा फार कोरडं वाटतं, पण मला आता वाटतं की फोटोग्राफी शिकायला याच्याइतका चांगला कॅमेरा नाही, आणि का वाटतं तेच आज जरा सविस्तर लिहिते.

आधी कॅमेऱ्याबद्दल. के१००० १९७६ साली आला आणि १९९७ पर्यंत बनत होता, म्हणजे एकवीस वर्षं जवळपास तोच कॅमेरा, तीस लाखांच्या वर विकला गेला. अमेरिकेत तर फोटोग्राफीच्या वर्गात शिकवायला वर्षानुवर्षं हाच असायचा. कारण साधं आहे, यात मेकॅनिकल भाग सोडून जवळजवळ काही नाहीच. सेल्फ टायमर नाही, ऑटो मोड नाही, शटर एक सेकंदापासून १/१००० पर्यंत आणि वर एक बी (बटण दाबून धरलंय तोवर शटर उघडंच), आणि ते सगळं स्प्रिंग आणि दातेरी चाकांवर चालतं. एलआर४४ चा एक बटन सेल लागतो तो फक्त त्या सुईसाठी. सेल संपला तर सुई मेली, कॅमेरा चालूच.

माझा कॅमेरा मुंबईतला, फोर्टच्या बोरा बाजारातून घेतलेला, सोबत ५० मिमी एफ २ ची पेंटॅक्स-एम लेन्स. बॉडी जड आहे, नुसती बॉडीच सहाशे ग्रॅमच्या वर, पण ते वजन हातात बसतं आणि कमी शटरला हात स्थिर ठेवायला त्याचा उपयोगच होतो.

शिकवणारे मिळाले ते आमच्या गल्लीतले काका. नाशिकमध्ये त्यांचा स्टुडिओ होता, लग्नं, मुंजी, पासपोर्ट, शाळेचे ग्रुप फोटो, सगळं फिल्मवर केलेला माणूस. आता स्टुडिओ बंद आहे पण हात अजून तयार आहे. मी कॅमेरा घेऊन गेले तर त्यांनी मागचं झाकण उघडलं, लेन्स काढली, कॅमेरा उजेडाकडे धरला आणि बी वर ठेवून बटण दाबून धरलं, मग दर स्पीडला एकेक क्लिक मारून कानाने ऐकलं. एक सेकंदाला म्हणाले, "ऐक, शेवटी आवाज घसरत नाहीये ना, म्हणजे ठीक आहे." जुन्या कॅमेऱ्यात आतलं तेल घट्ट झालं की आधी हे सावकाश स्पीड बिघडतात, एक सेकंद दोन सेकंदांचा होतो किंवा मध्येच अडकतो. मग शटरच्या कापडी पडद्यामागे टॉर्च धरून भोकं आहेत का ते पाहिलं. मग लेन्समधून टॉर्च आरपार मारून फंगस. आपल्याकडे पावसाळ्यात कपाटात ठेवलेल्या लेन्सला कोळ्याच्या जाळ्यासारखी फंगस धरतेच, थोडी असेल तर फोटोत फरक पडत नाही पण उजेडासमोर फोटो काढला की सगळं धुरकट येतं. शेवटी झाकणाच्या कडेचा काळा फोम. तो वयोमानाने चिकट डांबरासारखा होतो आणि मग तिथून उजेड आत शिरतो. माझ्यातला तसाच झाला होता, काकांनी तो स्पिरिट लावून खरवडून काढला आणि खोबणीत काळी लोकर बसवली, अजून एकदम व्यवस्थित आहे. सेकंडहँड कॅमेरा घेणाऱ्याने दुकानातच हे सगळं करून बघावं, लाजू नये, चांगला दुकानदार स्वतःच करून दाखवतो.

आता रोल भरणं. रिवाइंडची कळ वर ओढली की मागचं झाकण उघडतं, डावीकडे रोलची डबी, उजवीकडे गुंडाळायचा स्पूल, मध्ये शटरचा पडदा ज्याला बोट लावायचं नाही. फिल्मची जीभ स्पूलच्या फटीत घालायची, फिल्म पुढे सरकवायची लिव्हर थोडी ओढायची, वरच्या आणि खालच्या दोन्ही बाजूंची भोकं दात्यांवर बसलीत हे डोळ्यांनी बघायचं आणि मगच झाकण बंद. इथपर्यंत सगळेच सांगतात. काकांनी पुढची जी गोष्ट सांगितली ती सोन्यासारखी आहे, झाकण लावल्यावर रिवाइंडची कळ हलकेच फिरवून डबीतली ढिली फिल्म ताणून घ्यायची, आणि मग लिव्हर ओढताना त्या कळीकडे बघायचं. ती उलटी फिरत असेल तर आत फिल्म सरकतेय. फिरत नसेल तर जीभ स्पूलमधून निसटलेली आहे आणि तुम्ही छत्तीस फोटो कोऱ्या अंधारात काढणार आहात. लग्नाचा रोल असेल तर याचा अर्थ काय ते त्यांनी मला वेगळं सांगायची गरज नव्हती. ते म्हणाले की मंगलाष्टकं चालू असताना पण माझं एक लक्ष त्या कळीकडे असायचं.

ती भोकं बघताना मला नेहमी एक आठवतं. ही ३५ मिमीची फिल्म मुळात सिनेमाची. लायकाने १९२५ साली जो कॅमेरा बाजारात आणला त्यात ऑस्कर बार्नाकने सिनेमाचीच फिल्म आडवी चालवली आणि दोन फ्रेमची एक केली, २४ बाय ३६ मिमी, ते माप आजपर्यंत फुल फ्रेम म्हणून चालू आहे. आणि सिनेमाची फिल्म म्हटलं की नाशिककरांना फाळके आठवणारच, दादासाहेब त्र्यंबकचे, आधी फोटोग्राफीचा धंदा केला आणि १९१३ साली पहिला चित्रपट दाखवल्यावर बिऱ्हाड आणि काम दोन्ही नाशिकला आणलं. तसल्याच भोकांची पट्टी आज मी त्याच गावात बसून कॅमेऱ्यात भरते, याचं मला खूप अप्रूप वाटतं.

रोल भरला की आयएसओ, म्हणजे फिल्म उजेडाला किती संवेदनशील आहे तो आकडा, लावायचा. शटरच्या डायलची बाहेरची रिंग वर उचलून फिरवायची, छोट्या खिडकीत ४०० आला की सोडून द्यायची. इथे आयएसओ दर फोटोला बदलता येत नाही, रोल जो आहे तो आहे. सकाळच्या उन्हात ४०० भरला आणि संध्याकाळी अंधाऱ्या देवळात शिरलात तरी तोच ४००. त्यामुळे आज कुठे जायचंय, किती वाजता, उजेड कसा असेल, हा विचार घरातून निघायच्या आधी होतो. मला हे फार आवडलं.

आता मुख्य मुद्दा. सुई.

आकडे आधी सांगते म्हणजे पुढचं कळेल. लेन्सच्या रिंगवर २, २.८, ४, ५.६, ८, ११, १६, २२ असे ॲपर्चरचे, म्हणजे एफचे आकडे आहेत, आणि प्रत्येक पुढच्या आकड्याला उजेड निम्मा होतो. हे आकडे असे विचित्र का ते शाळेतल्या गणितात आहे, वर्तुळाचं क्षेत्रफळ निम्मं करायचं तर व्यास दोनाच्या वर्गमुळाने भागावा लागतो, म्हणजे १.४ ने, म्हणून २ नंतर २.८ आणि ४ नंतर ५.६. शटरचे आकडे सरळ आहेत, ६०, १२५, २५०, ५००, तेही दर टप्प्याला निम्मे. या टप्प्याला सगळे स्टॉप म्हणतात. मग १/१२५ ला एफ ११, १/२५० ला एफ ८ आणि १/५०० ला एफ ५.६, या तिन्हींत फिल्मवर पडणारा उजेड तेवढाच. फरक एवढाच की पहिल्यात मागचं पुढचं जास्त शार्प येईल आणि तिसऱ्यात पळणारं पोरगं थांबलेलं येईल. कॅमेऱ्यात एक रिंग डाव्या हाताला आणि एक डायल उजव्या हाताला, एक क्लिक इकडे एक क्लिक तिकडे, थोड्याच सवयीने हे न बघता व्हायला लागतं.

तर मी आपली सुई मध्ये आणायची आणि क्लिक मारायची. काकांनी हे पाहिलं आणि कॅमेऱ्याच्या बुडाचं झाकण एक रुपयाच्या नाण्याने फिरवून सेल काढून खिशात टाकला. म्हणाले, "आता सांग, समोर उजेड किती आहे?"

म्हणजे डोळ्याने सांगायचं. त्याचं कोष्टक आहे, पूर्वी रोलच्या खोक्यावर आतल्या बाजूला छापलेलं असायचं. कडक ऊन, सावल्या धारदार, तर एफ १६ आणि शटर रोलच्या आयएसओच्या जवळचं, म्हणजे ४०० ला १/५००. ऊन थोडं विरलेलं, सावल्यांच्या कडा मऊ, तर एफ ११. ढगाळ पण उजेड चांगला, सावली जेमतेम दिसतेय, एफ ८. दाट ढग, सावलीच नाही, एफ ५.६. झाडाखाली किंवा वाड्याच्या ओसरीवर, एफ ४. यात बघायचं काय, तर आकाशाकडे नाही, जमिनीवरच्या सावलीकडे बघायचं. सावलीची कड किती धारदार आहे ते बघायचं. हे एकदा कळलं ना की रस्त्याने चालतानाही डोळे तेच करायला लागतात, बसस्टॉपवर उभी असले तरी मनात एफ ८, एफ ८ असं चालू असतं. आणि आपल्याकडचा पावसाळा तर यासाठी शाळाच आहे, दहा मिनिटांत एफ १६ चा एफ ५.६ होतो आणि परत उघडतो.

बरेच आठवडे काका असंच करायचे, आधी मी अंदाज सांगायचा, कॅमेरा त्यावर लावायचा, मग ते सेल परत घालायचे आणि सुई काय म्हणते ते आम्ही दोघं बघायचो. हळूहळू अंदाज आणि सुई एका स्टॉपच्या आत यायला लागले. आणि खरा अभ्यास तिथेच सुरू झाला, कारण काही वेळा दोन्ही जुळायचे नाहीत आणि काका म्हणायचे की तुझा अंदाज बरोबर आहे, सुई चुकतेय.

सुई चुकते म्हणजे काय, तर सुई बिघडलेली नसते, तिला एवढंच माहीत असतं की समोरून किती उजेड परत येतोय. समोर काय आहे ते तिला माहीत नसतं. ती धरून चालते की समोरचं सगळं मिळून एक मध्यम करडा रंग होतो, ते १८ टक्के उजेड परत पाठवणारं ग्रे कार्ड मिळतं तसा. साध्या दृश्यात, थोडं झाड, थोडी भिंत, थोडी माणसं, हे बऱ्यापैकी खरं असतं. पण चुन्याची पांढरी भिंत समोर आली की सुई म्हणते बापरे केवढा उजेड, कमी करा, आणि तिचं ऐकलं तर भिंत मळकट करडी येते. पांढरा सदरा, पांढरं धोतर, पांढरी टोपी असे वारकरी फ्रेम भरून आले की तेच. आणि काळ्या दगडाला बरोबर उलटं.

हे मला नीट कळलं ते सिन्नरला, गोंदेश्वराच्या देवळात. नाशिकहून तीसेक किलोमीटर, यादवकाळातलं भूमिज शैलीचं शिवमंदिर, मध्ये मोठं देऊळ आणि चार कोपऱ्यांना चार लहान, सगळं आपल्या काळ्या दगडात. सकाळचं ऊन तिरपं येतं तेव्हा शिखरावरचे ते एकावर एक रचलेले छोटे छोटे शिखरांचे नमुने, मंडपाच्या बाहेरच्या पट्टीतली शिल्पं, सगळं उठून येतं. मी काळ्या भिंतीवर कॅमेरा धरला, सुई खाली, उजेड वाढवा म्हणते. वाढवला असता तर निगेटिव्हवर काळा दगड करडा, सिमेंटसारखा आला असता आणि उन्हातली कोरीव कड पांढरी फटक झाली असती. काकांनी आधीच सांगितलं होतं, काळा दगड काळाच दिसायला पाहिजे, तर सुई मध्ये आण आणि मग एक स्टॉप बंद कर. आणि पांढरी भिंत असेल तर मध्ये आणून एक स्टॉप उघड, कधी दीड.

मग त्याच देवळात मंडपाच्या आत गेले. आत अंधार, बाहेरच्या दारातून झगझगीत ऊन. सुईला दोन्ही एकदम दिसतं, ती मधलंच काहीतरी सांगते आणि त्या मधल्यात ना खांब धड येतो ना बाहेरचं. इथे ठरवावं लागतं की मला काय पाहिजे. मला खांब पाहिजे होता, त्याच्यावरची नक्षी, तर मी खांबाच्या अगदी जवळ गेले, फ्रेममध्ये फक्त दगड राहील इतकी, तिथे सुई बघितली, दगड काळा म्हणून एक स्टॉप कमी केला, तो आकडा डोक्यात धरला आणि मागे येऊन त्याच आकड्यावर फोटो काढला. मागे आल्यावर सुई पार वर जाऊन बसली होती, ओरडत होती म्हणा ना, पण आता तिला विचारायचंच नव्हतं. अशा संरक्षित ठिकाणी ट्रायपॉडला परवानगी लागते, म्हणून खांबाला खांदा टेकवून, श्वास अर्धा सोडून, एफ २ ला १/३०. पन्नासच्या लेन्सला १/६० च्या खाली हातात धरू नये असा नियम आहे, पण टेकू असेल तर एक टप्पा खाली जाता येतं. फोटो आला तेव्हा दार पूर्ण पांढरं होतं आणि खांबावरचा प्रत्येक मणी दिसत होता. मला तेच पाहिजे होतं.

फोनमध्ये हा प्रश्नच येत नाही, तो दोनतीन फोटो एकदम काढून जोडतो आणि दार पण देतो, खांब पण देतो. चांगलंच आहे ते, माझा त्याला विरोध नाही. पण मग खांब की दार हे मी कधी ठरवलंच नसतं.

निगेटिव्ह फिल्मचं अजून एक आहे. ती ओव्हर सहन करते, अंडर करत नाही. स्टुडिओवाल्यांचा हा जुना पाठ, शंका असेल तर अर्धा एक स्टॉप जास्त द्या. कारण सावलीत जो उजेड फिल्मवर पोचलाच नाही तो नंतर कुठल्याही केमिकलने आणता येत नाही, तिथे निगेटिव्ह कोरी काच. म्हणून मोजायचं सावलीत, जिथे तुम्हाला तपशील पाहिजे तिथे. स्लाइडच्या फिल्मला, जिच्यावर थेट सरळ चित्र येतं, बरोबर उलटं, तिथे उन्हाचा भाग सांभाळायचा. स्लाइडवर काम केलेले लोक अजूनही अर्धा स्टॉप कमीच ठेवतात, हातच तसा बसलेला असतो.

फोकसबद्दल थोडक्यात. के१००० च्या काचेत मध्यभागी एक गोल आहे, फोकस नसेल तेव्हा तो चमचम करतो, शहारतो म्हणा, आणि फोकस झाला की एकदम शांत, स्वच्छ होतो. चष्मेवाल्यांनी चष्मा घालूनच बघावं. पण बाजारात, मिरवणुकीत असं फिरवत बसायला वेळ नसतो. बुधवारचा बाजार असतो आमच्याकडे गंगेवर, म्हणजे गोदावरीच्या काठाला, आम्ही तिला गंगाच म्हणतो, तिथे मी एफ ८ ला लेन्स पाच मीटरवर ठेवते आणि विसरून जाते, लेन्सवरच्या रेघा दाखवतात की साधारण साडेतीन मीटरपासून नऊ मीटरपर्यंत सगळं चालण्यासारखं शार्प येईल. मग फक्त अंतर सांभाळायचं आणि क्लिक. भाजीवाल्या मावशी ताजव्यात वांगी टाकतायत आणि मान वर करून गिऱ्हाइकाशी बोलतायत, तो क्षण फोकसची वाट बघत नाही. आणि विचारूनच काढते, "मावशी, काढू का एक?" त्या आधी पदर नीट करतात, मग विसरून कामाला लागतात, मग मी काढते. प्रिंट नेऊन दिली की पुढच्या बुधवारी शेजारच्या पण हाक मारतात.

फ्लॅश लावणाऱ्यांसाठी, शटर १/६० च्या वर नेऊ नका. कारण बघायला छान आहे. शटरला दोन कापडी पडदे असतात, एक उघडत जातो आणि मागून दुसरा झाकत जातो. १/६० पर्यंत एक क्षण असा येतो की पूर्ण फ्रेम उघडी असते, त्याच क्षणी फ्लॅश उडतो. त्याच्या वर गेलं की पहिला पडदा पोचायच्या आधीच दुसरा निघतो, फिल्मवरून फक्त एक फट सरकत जाते, आणि फ्लॅशचा उजेड त्या फटीपुरताच पडतो. लग्नाच्या जुन्या अल्बममध्ये कधी अर्धा फोटो काळा दिसला तर ते हेच.

आता रोल धुणं. कलर मी घरी करत नाही, सी-४१ ला, म्हणजे कलर फिल्म धुवायच्या पद्धतीला, डेव्हलपर (फिल्मवर चित्र उमटवणारं केमिकल) ३७.८ अंशाला सव्वातीन मिनिटं लागतो आणि तापमान जरा इकडचं तिकडे चालत नाही, तो रोल मी मुंबईला कुरिअर करते. ब्लॅक अँड व्हाइट मात्र घरीच, आणि हा भाग मला फोटो काढण्याइतकाच आवडतो. इलफर्डची एचपी५ फिल्म आणि डी-७६ डेव्हलपर, डी-७६ हे कोडॅकचं १९२७ सालचं केमिकल, अजून तेच चालतं. काळ्या पिशवीत हात घालून अंधारात फिल्म स्पायरलवर चढवायची, आणि मे महिन्यात हे करून बघा, पिशवीत हात घामेजतात, स्पायरल दमट होतो आणि फिल्म मध्येच अडकते, पुढे पण जात नाही मागे पण येत नाही. अशा वेळी जोर करायचा नाही, फिल्म टाकीत ठेवून झाकण लावायचं, हात बाहेर काढून पुसायचे, पंख्याखाली बसायचं, मग परत. आता मी उन्हाळ्यात हे काम पहाटेच करते.

डी-७६ एकास एक पाण्यात मिसळला की एचपी५ ला २० अंशाला अकरा मिनिटं. पण आपल्या टाकीचं पाणी एप्रिलमध्ये तीसच्या वर असतं, तर मोठ्या घमेल्यात बर्फ घालून त्यात सगळ्या बाटल्या उभ्या करते आणि डेव्हलपर, फिक्सर, धुवायचं पाणी, सगळं एकाच तापमानाला आणते. २० जमत नसेल तर २४ वर करायचं, वेळ आठ मिनिटांच्या आसपास येतो, तेही चालतं. त्याच्या वर गेलं की वेळ इतका कमी होतो की धुलाई एकसारखी होत नाही. दर मिनिटाला दहा सेकंद टाकी उलटी सुलटी करायची आणि ओट्यावर एकदा टक्कन आपटायची म्हणजे बुडबुडे सुटतात. मग डेव्हलपर ओतून टाकायचा, त्याचं काम थांबवायला स्टॉप बाथ, मग हायपो, म्हणजे चित्र पक्कं करणारा फिक्सर. हायपोचा तो वास आला की काका खूष, म्हणतात स्टुडिओ उघडला.

निगेटिव्ह वाळली की तिला वाचायला शिकणं ही वेगळीच गोष्ट आहे. खिडकीला धरायची आणि आधी फोटो बघायचेच नाहीत, कडेची अक्षरं बघायची. फिल्मच्या काठावर कंपनीचं नाव आणि फ्रेमचे नंबर कारखान्यातच उमटवलेले असतात, ते तुमच्या कॅमेऱ्यावर अवलंबून नसतात. अक्षरं चांगली गडद आहेत आणि फोटो फिके आहेत, म्हणजे धुलाई बरोबर, फोटो काढताना उजेड कमी दिला. अक्षरंच फिकी असतील तर धुलाई कमी पडली, कॅमेऱ्याचा दोष नाही. एवढी एक गोष्ट माहीत असली की दोष कुठे शोधायचा ते लगेच कळतं. काकांकडे इंदूच्या निगेटिव्हची पाकिटं आहेत, इंदू म्हणजे उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सचा सरकारी कारखान्यातला रोल, आता तो कारखाना बंद आहे. त्या पट्ट्या त्यांनी मला एकेक करून खिडकीला धरायला लावल्या, ही का जळलीय सांग, ही का पातळ आहे सांग. लोकांची लग्नं होती त्यात, आणि मी त्यांच्या शालूचा काळा रंग किती दाट आहे ते बघत होते.

वही ठेवा, एवढं मात्र नक्की सांगेन. फिल्मला मागे काही माहिती चिकटत नाही. फ्रेम नंबर, शटर, ॲपर्चर, आणि माझ्या वहीत चौथा रकाना आहे, "मला काय वाटलं होतं". म्हणजे सुई बघायच्या आधीचा अंदाज. निगेटिव्ह हातात आली की वही उघडून शेजारी ठेवायची. चौथ्या रकान्यामुळे मी सगळ्यात जास्त शिकले.

बारीकसारीक दोन गोष्टी. या कॅमेऱ्याला चालू-बंदचं बटण नाही, लेन्सला टोपी लावली की आत अंधार होतो आणि सुई आपोआप झोपते, टोपी काढून ठेवला तर सेल संपत राहतो. महिनाभर वापरणार नसाल तर सेल काढूनच ठेवा, फुटला तर आतली पत्र्याची पट्टी गंजते. आणि शटरला लॉक नाही, तर लिव्हर ओढून पिशवीत टाकू नका, फोटो काढायच्या वेळीच ओढा. रोल संपला, लिव्हर अडली, की जोर करायचा नाही, बुडाचं छोटं बटण दाबून मगच रिवाइंड, आणि कळ एकदम हलकी फिरायला लागेपर्यंत झाकण उघडायचं नाही.

मला कोणी विचारतं की आता हे कशाला, फिल्म मिळते तरी का. मिळते. उलट पेंटॅक्सने २०२४ मध्ये पेंटॅक्स १७ नावाचा नवा कोरा फिल्म कॅमेरा काढला, हाफ फ्रेमचा, म्हणजे एका फ्रेमच्या जागेत दोन फोटो. घरात माळ्यावर मामाचा, आत्याचा असा एखादा जुना एसएलआर, म्हणजे लेन्समधूनच बघायचा कॅमेरा, पडलेला असेल तर खाली काढा, आवाज ऐका, टॉर्च मारा. आणि पेंटॅक्सची के माउंटची (माउंट म्हणजे लेन्स बॉडीवर बसते ती जागा) लेन्स असेल तर ती आजच्या पेंटॅक्सच्या डिजिटल बॉडीवर पण बसते, १९७५ पासून तोच माउंट आहे.

सध्या माझ्या कॅमेऱ्यात एचपी५ आहे, अर्ध्याच्या पुढे गेलाय. परवा ४९ मिमीचा ऑरेंज फिल्टर मिळाला, निळं आकाश तो काळपट करतो आणि ढग पुढे येतात. सुई लेन्सच्या आतून मोजते म्हणून फिल्टर किती उजेड खातो तो हिशोब तीच करते, पण काका म्हणाले की आधी तू सांग. मी दोन स्टॉप म्हणाले. पाऊस उघडला, आकाश धुऊन निघालं की सिन्नरला जायचंय, यावेळी काका पण येतायत, आणि सेल त्यांच्या खिशात असणार आहे.